पेव आणि मिसळणाचा डबा

२००३ साली मी सांगलीत अण्णांच्या स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंच्या मिक्सिंगला, म्हणजे एडिटिंगला, लागले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माऊस हातात दिला नाही. वही पुढं सरकवली आणि म्हणाले, "तेराचा पाढा लिही." मिनी डीव्ही कॅसेटचा एक तास कॉम्प्युटरमध्ये उतरवला की तेरा जीबी जागा जाते, हे त्यांना माझ्या डोक्यात पक्कं बसवायचं होतं. लग्नाच्या चार कॅसेटी असतील तर तेर चोक बावन्न. आमच्या मशीनमध्ये हार्ड डिस्क ८० जीबीची. त्यातच विंडोज, त्यातच एडिटिंगचं सॉफ्टवेअर. म्हणजे एका वेळी एकच लग्न मावायचं. त्याचं मिक्सिंग झालं, पार्टी सीडी घेऊन गेली, की सगळं पुसायचं आणि पुढची कॅसेट लावायची.

सांगलीतल्या लग्नसराईत हे फार दिवस निभणार नव्हतं. अण्णा पुण्याहून १२० जीबीची दुसरी डिस्क घेऊन आले. मला वाटलं, जागा वाढली, काम झालं. पण कॅसेटी त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लागल्यापासून आणखी एक त्रास थांबला. आधी कॅप्चर चालू असताना मध्येच चित्राला झटका बसायचा आणि खाली आकडा दिसायचा, इतक्या फ्रेम ड्रॉप. मग कॅसेट मागं घेऊन तोच भाग पुन्हा उतरवायचा. फायरवायरच्या वायरीतून कॅसेट तिच्याच चालीनं येते, तासाच्या कॅसेटीला तास लागतोच. डीव्हीला सेकंदाला जेमतेम पावणेचार एमबी लागतात आणि तेव्हाची साधी डिस्कसुद्धा त्याच्या कितीतरी पट वेगानं लिहायची. तरी फ्रेम जायच्या, कारण नेमक्या त्याच क्षणी विंडोजला त्याच डिस्कवर दुसरीकडं काहीतरी लिहायचं असायचं. दोघांची कामं एकाच डिस्कवर, त्यात माझी कॅसेट थांबायला तयार नसायची. अण्णा म्हणाले, "बॉक्सवर छापलेला वेग जास्तीत जास्त असतो. आपल्याला कमीत कमी किती मिळेल ते बघायचं असतं." इतकी वर्षं झाली, कुठलीही डिस्क घेताना मी हेच वाक्य आधी आठवते.

हार्ड डिस्कच्या पोटात काय चालतं ते मला समजलं ते लग्नाच्या पंगतीवरून. आत चकत्या फिरत असतात आणि त्यांच्यावर एक बारीक हात पुढं-मागं सरकत असतो. ७२०० आरपीएम म्हणजे चकती मिनिटाला ७२०० वेळा फिरते, सेकंदाला १२० वेळा. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे चार मिलिसेकंदांच्या आसपास. ५४०० आरपीएमला तेच साडेपाच. शिवाय हाताला एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर जायला वेगळा वेळ, आणि तो याच्या दुप्पट तरी असतो. आता पंगत डोळ्यांपुढं आणा. माणसं ओळीनं बसलेली असतील तर वाढपी बुंदीची परात घेऊन सरळ चालत जातो, दोनशे पानं बघता बघता वाढून होतात. एकच मोठी फाइल सलग वाचायची तर डिस्कचं काम असंच असतं. ५४०० चीही छान पळते. पण या टोकाकडून कोणी मीठ मागितलं, त्या टोकाकडून कोणी मठ्ठा, मधूनच कोणी लिंबू, की त्याच वाढप्याचा सगळा वेळ नुसता चालण्यात जातो. तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकावर एक लावून टाइमलाइन पळवायची, त्यात खाली गाणं, वर टायटल, म्हणजे ही दुसरी पंगत. तिथं वाढप्याचे पाय किती जलद चालतात यावर सगळं ठरतं.

हे कळत असूनही २०१२ साली मी चुकीची डिस्क घेतली. तोवर अण्णांनी स्टुडिओ माझ्या हाती दिला होता. कॅसेटी संपून डीएसएलआर आले होते आणि फुल एचडीचं फुटेज कार्डातून बदाबदा ओतलं जायचं. आदल्या वर्षी, २०११ च्या शेवटी, थायलंडमध्ये महापूर आला होता आणि तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले होते. भाव जवळजवळ दुप्पट झाले. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दुकानोदुकानी फिरले. ७२०० ची एक टीबी जेवढ्याला, जवळपास तेवढ्यातच कमी वीज खाणारी, सावकाश फिरणारी दोन टीबी मिळत होती. मी दोन टीबी उचलली. एसटीत बसल्यावर पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही, इतका आनंद झाला होता.

साठवायला ती डिस्क उत्तम होती. मी तिच्यावर मिक्सिंग केलं. दोन कॅमेऱ्यांपर्यंत चाललं. तिसरा लावला की रुखवताच्या शॉटवर टाइमलाइन अडायची. वैशाखातल्या एका आठवड्यात पाच लग्नं हातात होती आणि दर प्ले दाबताना मी श्वास धरून बसायचे. जवळ टीबी दुप्पट होत्या, पण रात्री साडेबाराला निघणारं काम पहाटे तीनला निघायला लागलं. पार्टीला दिलेली तारीख दोनदा चुकली. त्यातली एक पार्टी पुन्हा आमच्याकडं आली नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

त्याच काळात यूएसबीचाही धडा मिळाला. एक्स्टर्नल डिस्क कितीही चांगली असो, जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला लावली की सेकंदाला तीसेक एमबीच्या वर जात नाही. या हिशेबानं एक टीबी कॉपी करायला नऊ तासांहून जास्त लागतात. तेव्हा लोडशेडिंग होतं, नऊ तास सलग वीज कुठली? कॉपी अर्ध्यावर तुटली की कुठली फाइल पूर्ण गेली आणि कुठली नाही, हे एकेक उघडून बघत बसायचं. डिस्क यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला लावायला लागल्यावर तेच काम अडीच-तीन तासांत व्हायला लागलं. आजही पोरं नवी डिस्क आणतात आणि जुन्या हबला नाहीतर मोबाइलच्या चार्जिंगच्या वायरीला जोडून म्हणतात, "ताई, डिस्क स्लो निघाली ओ." आधी वायर बदलून बघा.

एक गोष्ट इथं सांगून टाकते, कारण तिच्यावरून दुकानात भांडणं होताना पाहिली आहेत. एक टीबीची डिस्क लावल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. जागेचा हिशेब करताना हा फरक धरूनच करावा. आणि डिस्क गच्च भरू नये. चकतीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त मजकूर मावतो, आतल्या रेघांवर कमी; त्यामुळं डिस्क भरत जाते तसा वेग उतरतो आणि अगदी शेवटी जवळपास निम्म्यावर येतो. कामाच्या डिस्कचा पाचवा हिस्सा मी मोकळाच ठेवते.

माझी सगळ्यात महागाची शिकवणी मात्र २०१८ ची. आठ टीबीची एक्स्टर्नल घेतली होती. बॉक्सवर वेगाबद्दल यूएसबीचा आकडा सोडला तर काही नव्हतं. पहिल्यांदा भरताना ती अशी पळाली की मी शेजारच्या फोटोग्राफरलाही तीच घ्यायला सांगितली. मार्चमध्ये आमची कामाची डिस्क बिघडली, तेव्हा हिच्यावरच प्रोजेक्ट घेतले. काही दिवस ठीक गेले. मग जुनी लग्नं पुसून त्या जागी नवी टाकायला लागले, सॉफ्टवेअर आपल्या तात्पुरत्या फाइली तिथंच लिहायला-पुसायला लागलं आणि एक दिवस ती बसलीच. दीडशेच्या वेगानं लिहिणारी डिस्क पंधरा-वीस एमबीवर आली. मला वाटलं बिघडली. तपासणीत सगळं ठणठणीत. फॉरमॅट मारून पाहिलं, वायर बदलली, मशीन बदललं.

कारण समजलं तेव्हा कौलारू घर आठवलं. डिस्कवर लिहिणारा भाग रुंद असतो आणि वाचणारा अरुंद. कमी जागेत जास्त साठवण्यासाठी काही डिस्कमध्ये रेघा एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात, कौलं रचतात तशा. याला एसएमआर म्हणतात. कौलं पहिल्यांदा चढवताना सरसर चढतात. पण मधलं एक फुटलं, तर ते बदलायला वरची ओळ उचलावी लागते, तिच्यासाठी तिच्या वरची. या डिस्कवर मध्ये कुठं थोडं बदलायचं तर आजूबाजूची पूर्ण पट्टी उचलून पुन्हा लिहावी लागते. ते लपवायला थोडी जागा राखीव असते, तिथं आधी पटकन लिहून घेतात आणि सवडीनं आत लावतात. लग्नसराईत मी तिला सवडच देत नव्हते. रेघा सुट्या ठेवणाऱ्या डिस्कला सीएमआर म्हणतात, आणि रोज लिहिण्या-पुसण्याच्या कामाला तीच घ्यावी लागते.

माझी तक्रार डिस्कबद्दल नाही. एकदा लिहून कपाटात ठेवायला ती तशीच स्वस्त आणि मोठी असलेली चांगली, आणि माझी ती आठ टीबी आज त्याच कामाला आहे. तक्रार आहे ती बॉक्सबद्दल. २०२० साली या धंद्यातल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी कुठल्या मॉडेलमध्ये एसएमआर आहे ते जाहीर केलं, तेही लोकांनी फार ओरड केल्यावर. तोवर माझ्यासारखीनं काय वाचून घ्यायचं होतं? पिठाच्या पिशवीवर गहू कुठला ते लिहायचं नसेल तर निदान पीठ भाकरीचं की पोळीचं एवढं तरी लिहावं.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, आमच्याकडच्या बहुतेकांनी ती लहानपणी पाहिलेली आहेत. जमिनीत खोल खणलेली, तोंड निमुळतं आणि पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. पेव उघडणं म्हणजे मोठं काम. तोंड काढून काही तास तसंच ठेवायचं, आतली कोंडलेली हवा गेल्याखेरीज माणूस उतरवायचा नाही. आणि घरात ओट्यावर मिसळणाचा डबा. त्यात हळद किती, तर दोन चमचे, पण हात गेला की लगेच मिळते. फोडणी टाकल्यावर कोणी हरिपूरला जात नाही, आणि वर्षाची हळद कोणी मिसळणाच्या डब्यात भरत नाही. अण्णा सांगायचे त्या सगळ्याचा अर्थ मला या दोन भांड्यांत सापडला. तेव्हापासून दुकानात गेले की पहिला प्रश्न स्वतःला विचारते: पेव घ्यायला आले आहे की डबा?

२००५ च्या महापुरात ती पेवं बुडाली आणि त्यांतली बरीच पुन्हा भरली गेली नाहीत. हे मी ऐकून, बघून होते. तरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझं पेव आणि माझा डबा एकाच खोलीत होता.

स्टुडिओ मारुती चौकाच्या जवळ, तळमजल्यावर. आयर्विन पुलाजवळ नदीचं पाणी ४० फुटांवर गेलं की आम्ही सामान उचलायला लागतो, ४५ ही धोक्याची पातळी. २००५ चं पाणी लक्षात ठेवून मी मशीन आणि डिस्कचं कपाट त्याहून दोन फूट वर माळ्यावर चढवलं होतं. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आठ दिवसांनी दार ढकलून आत गेले तेव्हा माळ्यावरही गाळ होता. हार्ड डिस्क चारी बाजूंनी बंद दिसते, पण साध्या डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं आणि ते झाकू नका असं शेजारी छापलेलं असतं. पाणी तिथून जातं. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क पूर्ण सीलबंद असतात, पण माझ्याकडं तेव्हा तशी एकही नव्हती. एक डिस्क पुसून, उन्हात वाळवून मी लावून पाहिली. ते करायला नको होतं. भिजलेली डिस्क चालू करायची नसते, तशीच रिकव्हरीवाल्याकडं न्यायची असते. तीन लग्नं कायमची गेली. त्या तीन घरी मी स्वतः गेले, फोनवर सांगितलं नाही.

बाकीची वाचली ती मिरजेत. धाकट्या बहिणीच्या घरी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, मी मिक्सिंगमधून बाद केलेल्या सावकाश डिस्क पडून होत्या. त्यात ती २०१२ ची दोन टीबीही होती. स्टुडिओत जागा नाही म्हणून तिथं नेल्या होत्या, आणि मोकळ्या कशाला ठेवायच्या म्हणून वर्षाच्या शेवटी सगळ्या लग्नांचा रॉ डेटा त्यांवर ओतून ठेवायचे. जिच्यावर प्ले दाबताना श्वास धरायचे, तिनं आणि तिच्या सोबतिणींनीच सहा वर्षांची लग्नं सांभाळली. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं यासाठी एक सोपा नियम मांडला आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. महापुरानंतर त्यातली दुसऱ्या ठिकाणची प्रत मी कधीच चुकवत नाही.

रॉ डेटा ठेवायचा की नाही यावरून आमच्या व्यवसायात दोन मतं आहेत. पार्टीला पेनड्राइव्ह दिला की विषय संपला, असं म्हणणारे बरेच आहेत आणि व्यवहार म्हणून ते चूक नाहीत. माझं मत एका फोननं पक्कं झालं. २०२२ मध्ये एका मुलानं विचारलं, "ताई, माझ्या बहिणीच्या लग्नात घाणा भरताना आजीनं गाणं म्हटलं होतं. ते पूर्ण असेल का ओ?" तयार केलेल्या व्हिडिओत ते वीस सेकंदांचं होतं, आणि त्यावर मी सिनेमाचं गाणं टाकलेलं. मिरजेहून डिस्क आणली. ती गुरगुरत चालू झाली, फोल्डर उघडायला वेळ घेतला, कॉपीला पाऊण तास लागला. साडेसहा मिनिटांचं गाणं होतं, जात्याच्या घरघरीसह. मुलगा समोर खुर्चीत बसून होता. पाऊण तास लागला याची ना त्यानं तक्रार केली ना मला काही वाटलं.

आज लग्न फोर-केमध्ये होतं. आमचे कॅमेरे सेकंदाला शंभर मेगाबिटनं लिहितात, म्हणजे तासाला ४५ जीबी. अण्णांचा तेराचा पाढा आता पंचेचाळिसाचा झाला आहे. तीन कॅमेरे, सहा तास, म्हणजे एका लग्नाचे आठशे जीबी. चालू लग्नासाठी मशीनमध्ये दोन टीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे. तिच्यात फिरणारं काहीच नाही, वाढप्याला चालायचंच नाही. हा माझा मिसळणाचा डबा. हंगामातली बाकीची लग्नं ७२०० च्या बारा टीबी सीएमआर डिस्कवर, आणि हंगाम संपला की सगळं पेवात: मोठ्या, स्वस्त, सावकाश एक्स्टर्नल, प्रत्येकी दोन, एक इथं वरच्या मजल्यावर आणि एक मिरजेत. एसएसडी एवढी जलद आहे तर साठवणही तिच्यातच का नको, असं विचारतात. भावाचं सोडा, पण वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला ती बनलेली नाही, तिच्यातला मजकूर हळूहळू विरू शकतो.

नवीन पोरांना मी आणखी एक सांगते. टाइमलाइन अडते म्हणून डिस्क घ्यायला धावू नका. आधी टास्क मॅनेजर उघडा. डिस्क शंभर टक्के दाखवत असेल तर डिस्क घ्या. प्रोसेसर शंभर टक्के असेल तर कितीही महागडी डिस्क लावली तरी अडणारच, कारण फोर-केचं फुटेज दाबून लहान केलेलं असतं आणि ते उलगडायचं काम प्रोसेसरचं. दुकानदार स्वस्तात सीसीटीव्हीची डिस्क देतो म्हणाला तरी थांबा. ती वाईट नसते, ती चोवीस तास लिहीत राहण्यासाठी बनवलेली असते. आपल्याला त्या गुणाचा उपयोग नाही.

पेव भरून तोंड बंद केलं की झालं, असं मात्र डिस्कचं नाही. न फिरवता वर्षानुवर्षं पडून राहिलेली डिस्क नेमकी गरजेला अडते. म्हणून खंडेनवमी जवळ आली की मी सगळ्या डिस्क बाहेर काढते, मिरजेच्याही. पूजेच्या आधी एकेक मशीनला लावायची, पूर्ण वाचून काढायची, खराब सेक्टरचा आकडा वहीत मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहायचा. मग कॅमेऱ्यांबरोबर त्यांनाही हळदकुंकू. गेल्या खंडेनवमीच्या आधी सोळा लावल्या. पंधरा चांगल्या निघाल्या. सोळाव्या डिस्कचा आकडा शून्यावरून चोवीसवर गेला होता. तिच्यातली लग्नं त्याच रात्री नव्या डिस्कवर उतरवून घेतली.